गाव सुटलं, नाटक सुटलं नाही



आज सुरुवातीलाच माझी एक चूक सांगते. शिक्षकांच्याही चुका होतात बरं का! फक्त आमच्या वहीत लाल शेरा मारायला कोणी नसतं, म्हणून त्या झाकून जातात.

मागच्या वर्षी जूनमध्ये माझ्या तिसरीच्या वर्गात एक नवी मुलगी आली. आईवडील सुरतला कापडाच्या कारखान्यात कामाला, आणि ही आजीजवळ शिकायला आलेली. मुलगी सुरतलाच जन्मली, तिथंच वाढली. मला वाटलं, हिला गुजराती छान येत असेल, मराठी मात्र अडेल. पहिल्याच दिवशी तिनं हात वर केला आणि म्हणाली, "बाई, माले पानी पेवानं शे!"

सगळा वर्ग खो-खो हसला. गंमत बघा, हसणाऱ्यांतल्या निम्म्या मुलांच्या घरी हीच अहिराणी बोलतात! पण ती घरी. शाळेत कशी बोलायची? आणि मी काय केलं? हसणाऱ्यांना गप्प केलं खरं, पण वर तिलाच म्हटलं, "असं नाही. 'मला पाणी प्यायचं आहे' असं नीट म्हण."

तो 'नीट' शब्द मी उगाच वापरला. त्या दिवसापासून पोर वर्गात बोलेचना. तहान लागली की नुसतं बोट वर करायची.

डिसेंबरात स्नेहसंमेलन आलं. आम्ही 'नळावरचं भांडण' नावाची एक छोटी नाटिका बसवली होती. आदल्या दिवशी आजीचं काम करणारी मुलगी तापानं आजारी पडली. आता काय करायचं? तेवढ्यात ही कोपऱ्यातून उठून पुढं आली. तालमी बघून बघून तिला सगळ्यांचं काम पाठ झालेलं. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर, कमरेला हंडा, आणि तोंडात अस्सल अहिराणी! लिहिलेले संवाद तिनं बाजूलाच ठेवले. पालक पोट धरधरून हसले. मागच्या रांगेतल्या तिच्या आजीनं मात्र डोळ्यांना पदर लावला होता.

नंतर मी विचारलं, "एवढं छान कुठं शिकलीस गं?" तर म्हणाली, सुरतला त्यांच्या गल्लीत सगळी आपल्याकडचीच घरं आहेत. नळावर, ओट्यावर, कानबाईच्या वेळी सगळे असंच बोलतात. म्हणजे जी बोली आमच्या गावातल्या शाळेत लाजत होती, ती ३०० किलोमीटरवरच्या सुरतेत मोकळेपणानं नांदत होती!

हे ऐकलं आणि मला फार दूरच्या एका नाटकघराची गोष्ट आठवली. ते नाटकघर आहे कझाकस्तानात, अल्माटी नावाच्या शहरात. पण तिथं नाटकं होतात ती कोरियन भाषेत! कुठं कोरिया आणि कुठं कझाकस्तान! नकाशा काढा बरं. सापडलं? मधे अख्खा चीन पसरलेला दिसेल. मग हे नाटक तिथं पोहोचलं कसं?

गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८६० नंतरच्या काळात कोरियात दुष्काळ पडले, खायचे वांधे झाले. तेव्हा पुष्कळ शेतकरी कुटुंबं सरहद्द ओलांडून शेजारच्या रशियात गेली. आपल्याकडची माणसं कामासाठी सुरतला जातात ना, तसंच म्हणा. पुढं १९१० मध्ये जपाननं कोरिया गिळला, तेव्हा आणखी लोक आले. व्लादिवोस्तोक या बंदराच्या आसपास कोरियन गावं वसली, शाळा निघाल्या, वर्तमानपत्र निघालं. आणि १९३२ मध्ये व्लादिवोस्तोकला त्यांनी आपलं नाटकघर सुरू केलं.

पाच वर्षं बरी गेली. मग १९३७ साल आलं. रशिया तेव्हा सोव्हिएत संघाचा भाग होता आणि सत्ता स्टालिनच्या हाती होती. सरकारच्या मनात संशय आला, की या कोरियन लोकांत जपानचे हेर असतील. आता बघा, जपाननं ज्यांचा देश हिरावला, तेच लोक जपानचे हेर कसे होतील? पण संशयाला कोण समजावणार! हुकूम सुटला, सगळ्या कोरियन लोकांना इथून हलवा. लहान-मोठे, म्हातारे-कोतारे मिळून सुमारे १ लाख ७२ हजार माणसं मालगाडीच्या डब्यांत बसवली आणि सहा हजारांहून जास्त किलोमीटर दूर, कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेऊन सोडली. प्रवासाला महिनाभर लागला. वाटेत कितीतरी बाळं आणि म्हातारी माणसं दगावली.

उतरवलं तिथं काय होतं? उश्तोबे नावाच्या गावाजवळ तर उघडं माळरान आणि वर हाडं गोठवणारी थंडी. लोकांनी जमिनीत खड्डे खणले, वर गवत-काटक्या टाकल्या आणि त्या भुयारांत पहिला हिवाळा काढला. आजूबाजूच्या कझाक लोकांनी भाकरतुकडा दिला, त्यावर पुष्कळ जण जगले. ही आठवण तिथले कोरियन लोक अजून सांगतात.

आता मला सांगा, अशा वेळी नाटक कोणाला सुचेल? आधी घर, आधी धान्य, नाटक नंतर बघू, असंच आपण म्हणू ना? पण त्या आगगाड्यांतून नाटकातली माणसंही आली होती. किझिलोर्दा नावाच्या गावी ती उतरली आणि तिथंच त्यांनी पुन्हा नाटक सुरू केलं. पुढं नाटकघराला आणखी दोन-तीनदा बिऱ्हाड हलवावं लागलं. १९६८ मध्ये ते अल्माटीला आलं आणि आजही तिथंच आहे. म्हणजे १९३२ पासून आजपर्यंत, नव्वदाहून जास्त वर्षं ते चालू आहे!

त्या नाटकघराला एक रखवालदार होता. नाव हाँग बोम-दो. म्हातारा माणूस. पण तो साधासुधा रखवालदार नव्हता बरं! तरुणपणी तो शिकारी होता. पुढं त्यानं बंदूक जपानी फौजेवर रोखली, आणि १९२० मध्ये बोंगो-दोंगच्या लढाईत आपल्या सैनिकांना घेऊन त्या फौजेला हरवलं. एवढा मोठा सेनानी, पण १९३७ मध्ये त्यालाही इतरांसारखं गाडीत बसवून आणलं. म्हातारपणी तो किझिलोर्दाच्या नाटकघराची राखण करू लागला. तिथल्या तॅ जांग-चुन नावाच्या नाटककारानं १९४२ मध्ये त्याच्यावरच नाटक लिहिलं. म्हणजे नाटकघराच्या रखवालदाराची गोष्ट त्याच नाटकघरानं रंगमंचावर आणली, आणि तीही तो हयात असताना! पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये तो वारला. देशाचं स्वातंत्र्य त्याला पाहायला मिळालं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्या अस्थी विमानानं दक्षिण कोरियात नेल्या आणि मानानं तिथल्या मातीत ठेवल्या.

तुम्ही म्हणाल, बाई, नाटकाचं एवढं काय? सांगते. १९३८ पासून तिथल्या शाळांतून कोरियन भाषा हटवली गेली आणि मुलं रशियनमधून शिकू लागली. मग आपली भाषा कानावर पडणार कुठं? आजी-आजोबांकडून आणि नाटकघरात! दिवसभर भाताच्या शेतात राबलेली माणसं संध्याकाळी नाटकाला बसत. घटकाभर हसत, रडत, ओळखीची गाणी ऐकत. मांडीवरच्या पोरांच्या कानांत ते शब्द आपोआप जात. पाटी-पेन्सिल नाही, परीक्षा नाही, तरी शाळाच की ती!

आणि जेवणाचं काय झालं ठाऊक आहे? तुमची ताई कोरियन मालिका बघत असेल, तर तिला किमची नक्की माहीत असणार. कोबीची तिखट, आंबवलेली भाजी ती. कोरियन माणसाचं जेवण तिच्यावाचून अडतं. पण नव्या मुलुखात तसला कोबी कुठून मिळणार? गाजरं मात्र भरपूर. मग बायकांनी काय केलं, गाजराचे लांब बारीक काप केले, त्याला लसूण, लाल तिखट, धन्याची पूड आणि शिरका लावला, वर कडकडीत तेल ओतलं. झाली नवी कोशिंबीर! तिचं नाव मोरकोवचा. रशियन भाषेत गाजराला 'मोरकोव' म्हणतात. आज रशिया, कझाकस्तानच्या बाजारात ती सगळीकडे 'कोरियन गाजर' म्हणून विकतात. आणि खुद्द कोरियात? तिथल्या लोकांना ती माहीतच नव्हती! परक्या गावात जे मिळालं त्यातून जुनी चव शोधता शोधता नवाच पदार्थ जन्मला. आहे की नाही गंमत?

आता नकाशावरून परत घरी येऊ. आपली तापी बघा. पांझरा, गिरणा, वाघूर साऱ्यांना पोटात घेऊन ती जळगाव, धुळे, नंदुरबार करत थेट सुरतेला जाते. तिच्यासारखीच भुसावळहून सुरतेला जाणारी रेल्वे. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार अशी स्टेशनं घेत जाणाऱ्या या गाडीनं आपली किती माणसं तिकडं गेली! उधना, लिंबायतच्या गल्ल्यांतून हिंडलं तर आपली बोली कानावर पडते. त्यांना कोणी बळजबरीनं नेलं नाही, हा फार मोठा फरक आहे. तो विसरायचा नाही. पण घर सुटल्यावर आठवण येते ती सारखीच. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार आला की तिथंही कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर गाणी रंगतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. नारळाला नथ, डोळे, साडी-दागिने घालून देवी सजवायची, ही चित्रकला नाही तर काय? आणि गाण्यांतून सासू-सुना, भाऊ-बहिणी उभ्या करायच्या, हे नाटकच की!

आपल्या बहिणाबाई चौधरी आठवा. जळगावजवळच्या आसोद्याचं माहेर, लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, घरच्या लेवा बोलीत त्या गाणी रचत. १९५१ मध्ये त्या गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावानं ती गाणी वेळच्या वेळी लिहून ठेवली होती, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. नाहीतर आपल्याला काय मिळालं असतं? आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्या बोलीला 'नीट बोल' म्हणून आपण गप्प करतो, तिच्यातून एवढं मोठं काव्य आलं!

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकायची नाही, असा काढू नका हं. पुस्तक वाचायला, पेपर लिहायला, नागपूर-कोल्हापूरच्या मित्राशी बोलायला ती हवीच. अल्माटीच्या नाटकघरातही प्रेक्षकांना कानाला लावून रशियन भाषांतर ऐकता येतं, कारण तिथल्या पुष्कळ तरुण मुलांना आता कोरियन नीट समजत नाही. बघा, नाटकघर टिकलं, पण घरात बोलणारे कमी झाले. आपली गाडी अजून त्या स्टेशनापर्यंत पोहोचलेली नाही. घरोघरी बोलणारे आहेत. फक्त आपण लाजायचं सोडलं पाहिजे.

मग या आठवड्यात एक उद्योग कराल? आजी-आजोबांना एक प्रसंग विचारा: लग्नातली फजिती, आखाजीचा झोका, बाजारातली घासाघीस, काहीही. तो त्यांच्याच बोलीत वहीत उतरवा. मग तीन-चार मित्र जमवून ओट्यावर त्याचं पाच मिनिटांचं नाटुकलं करा. पडदा म्हणून आईची जुनी साडी चालेल. घरी भिली, पावरी, गुजराती, उर्दू, बंजारा, जे बोलत असाल त्यात करा. आणि वर्गात दुसऱ्या बोलीचा मित्र असेल, तर त्याच्याकडून निदान पाच शब्द शिका. अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं, ते हेच. एकमेकांच्या भाषा शिकायच्या.

आई-बाबांनो, तुमच्याशीही दोन शब्द. पाहुण्यांसमोर मुलगा बोलीत बोलला तर त्याला डोळे वटारू नका. मी वटारले होते. एका मुलीचे सहा महिने त्यात गेले. ते मला परत देता येत नाहीत.

ती आता चौथीत आहे. परवा तास चालू असताना पुन्हा तिचा हात वर आला. "बाई, माले पानी पेवानं शे!"

या वेळी कोणी हसलं नाही. मी म्हटलं, "जाय बेटा." तर उलट तीच हसली आणि म्हणाली, "बाई, तुमचं अजून कच्चं आहे!"

खरंच कच्चं आहे. शिकते आहे.

तुमची,
बाई