पावसाआधी ढीग नीट करा, नाहीतर तक्रार अटळ

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या कडेला म्हशींचे तबेले चालवणाऱ्या सर्वांना हा शेवटचा इशारा आहे. मेलेले जनावर कुजवून खत करण्याला आमचा विरोध नाही. नीट केले तर ते खाडीत ढकलण्यापेक्षा शतपटीने बरे. पण चार घमेली शेण टाकून, पाय उघडे ठेवून जो ढीग लावला जातो, तो खताचा ढीग नव्हे. ते उघड्यावर टाकलेले मढे आहे.

वास सुटला म्हणजे वरचा थर कमी पडला किंवा ढीग ओला झाला. कुत्री उकरतात तीही थर कमी म्हणूनच. खाली दीड-दोन फूट कोरडा लाकडाचा भुसा किंवा उसाचे पाचट हवे, चहूबाजूंनी आणि वर दोन फूट. बुडातून काळे पाणी झिरपत असेल तर आजच कोरडा भुसा भरा. ढीग तापत नसेल तर आतला माल मुठीत दाबून पाहा: पाणी टपकले तर भुसा मिसळा, भुरभुर गळाला तर पाणी शिंपडा. आत 55 ते 65 अंश उष्णता सलग काही दिवस टिकल्याशिवाय रोगजंतू मरत नाहीत. अख्ख्या म्हशीला सहा महिने तरी द्या.

जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर काळपुळीचा संशय घ्या. सुरी लावू नका, कातडे सोलू नका, ढिगात तर मुळीच घालू नका. सरकारी पशुवैद्यकाला बोलवा. या रोगाचे बीजाणू मातीत कित्येक दशके तग धरतात, आणि माणसालाही तो होतो.

पावसात मिठी खाडी तुंबली की लिंबायत, पर्वत पाटियाच्या घरांत पाणी शिरते. तुमच्या ढिगातले जे वाहील ते तिथल्या लेकरांच्या पायाशी येईल. सप्टेंबर 1994 मध्ये पूर ओसरल्यावर सुरतेत घाण कुजत राहिली, प्लेगची बातमी फुटली आणि खानदेशातले आमचे लोक मिळेल त्या गाडीने गावी पळाले. ते पुन्हा होऊ देणार नाही.

10 जूनपर्यंत मुदत आहे. रोग पसरेल अशा बेपर्वाईला भारतीय न्याय संहितेच्या कलम 271 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 11 जूनला सकाळी उघड्या ढिगांचे फोटो आणि वस्तीच्या सह्या घेऊन आम्ही महापालिकेत, गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळात आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊ. त्यानंतर तडजोडीसाठी कोणी दारात येऊ नये.