यामातोच्या भांडणात गुणाची साक्ष

‘वन पीस’ वाचणाऱ्या पोरापोरींचं एक भांडण काही केल्या मिटत नाही. यामातो हा तो, की ती?

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ‘वन पीस’ ही एइइचिरो ओदा यांची जपानी चित्रमालिका 1997 पासून चालू आहे. 2019 मध्ये प्रकाशकांनीच ‘मांगा प्लस’ हे ॲप जगभर खुलं केलं आणि नवं प्रकरण इंग्रजीत फुकट मिळायला लागलं. रविवारी संध्याकाळी ते येतं. तेव्हा टोकियोतला वाचक आणि पाथर्डीतला वाचक एकाच पानावर असतात, आणि भांडणही एकच असतं. यामातो हे कैदो नावाच्या महाबलाढ्य चाच्याचं अपत्य. शरीर बाईचं. लहानपणी ओदेन या सामुराईचं मरण डोळ्यांदेखत पाहिलं, पुढे त्याची रोजनिशी हाती लागली, आणि यामातोने ठरवून टाकलं की आपण ओदेन व्हायचं. ओदेन पुरुष होता, म्हणून आपणही पुरुष. बाप क्रूर आहे, पण तोसुद्धा यामातोला मुलगाच म्हणतो.

आता पुरावे. यामातो पुरुषच, असं म्हणणारे कैदोचं बोलणं दाखवतात, हमामखान्यात यामातो पुरुषांच्या बाजूला जातो ती चौकट दाखवतात. उलट बाजूचे अधिकृत माहितीकार्ड पुढे करतात. तिथे नोंद ‘स्त्री’ अशी आहे. मग पहिले म्हणतात, हे ओदेन होणं म्हणजे लहान मुलाचं सोंग असेल तर गोष्टीतलं कोणीच त्याला हटकत का नाही? त्यावर दुसरे किकूचं उदाहरण देतात. किकू ही त्याच कथेतली सामुराई, आपण मनाने बाई आहोत असं तिने स्वतः सांगितलेलं आहे. लेखकाला ही गोष्ट स्पष्ट सांगता येते, तर यामातोच्या बाबतीत त्याने ती धूसर का ठेवली? प्रश्न रास्त आहे. ही पोरं वाचत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या मोठ्यांनी हा वाद एकदा शेजारी बसून ऐकावा. एका चौकटीतल्या एका उद्गारावर इतकं बारीक बोलणं मी साहित्य संमेलनांच्या परिसंवादातही फारसं ऐकलेलं नाही.

माझं मत विचाराल तर यामातो ‘तो’. कारण साधं आहे: पात्र स्वतःबद्दल जे सांगतं ते कार्डावरच्या नोंदीपेक्षा वजनदार धरावं.

इंग्रजीत भांडणाऱ्यांना सगळा जोर सर्वनामावर लावावा लागतो. मराठीत तेवढ्याने भागत नाही. आपलं क्रियापदच चुगली करतं. ‘मी आलो’, ‘मी आले’, तोंड उघडलं की कळतं. म्हणजे मराठीत यामातोला प्रश्न विचारायचीही गरज नाही, त्याचं पहिलं वाक्य नीट ऐकलं की झालं. (कोल्हापूरकडच्या बायका बिनदिक्कत ‘मी आलो’ म्हणतात. तिकडच्या चाहत्यांना हा पुरावा चालायचा नाही.)

‘हे सगळं नवं खूळ आहे’ असं म्हणणाऱ्यांना मी संगमनेरला नेईन. तमाशा कलावंत कांताबाई सातारकर तिथेच स्थायिक झाल्या होत्या. 2021 मध्ये त्या गेल्या. वगात त्यांनी पुरुष भूमिका केल्या, छत्रपती शिवाजी महाराजांचीही केली, आणि तंबूतल्या शेतकऱ्याला त्यात काही खटकलं नाही. समोर बाई आहे हे त्याला ठाऊक होतं आणि समोर महाराज आहेत हेही ठाऊक होतं. दोन्ही एकाच वेळी मनात धरायला त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. लुगड्यातली मावशी म्हणजे मिशी काढलेला गडी, हे तर शेंबडं पोरही ओळखायचं.

पण याच तंबूची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर गावाचं उगाच कौतुक होईल. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीतला गुणा हा मजुरी करणारा, तालमीत घुमलेला गडी. 2010 च्या सिनेमात अतुल कुलकर्णींनी तो केला. फड उभा करायचा तर नाच्या हवा, आणि नाच्या व्हायला कोणी तयार नाही, म्हणून गुणा स्वतः उभा राहतो. रात्री शिट्ट्या वाजवणारं गाव दिवसा त्याला त्याच भूमिकेच्या नावाने हिणवतं. बायकोपोरांना मान खाली घालावी लागते. शिवाजी झालेल्या बाईला मान, बाई झालेल्या गड्याला शिव्या. बाई वर चढली आणि पुरुष खाली उतरला, असा तो हिशेब आहे आणि तो अजून आपल्या डोक्यातून गेलेला नाही. गुणाचा गुन्हा एवढाच की तो भूमिकेत चांगला होता. लोकांनी रंगमंचावरचं पात्र वाचलं आणि तो निकाल घरात राहणाऱ्या माणसावर ठोकला.

अगदी हेच 2022 साली इंग्लंडात घडलं, आणि करणारे कोणी सनातनी नव्हते, सुशिक्षित, समंजस, इंद्रधनुषी झेंडा मिरवणारे चाहते होते. ॲलिस ओसमन यांची ‘हार्टस्टॉपर’ ही चित्रकथा 2016 मध्ये इंटरनेटवर सुरू झाली. दोन शाळकरी मुलांच्या प्रेमाची गोष्ट. त्यातला निक नेल्सन हा रग्बी खेळणारा मुलगा, आपल्याला मुलीही आवडतात आणि मुलगेही, हे त्याला हळूहळू उमगतं. ते उमगणं ओसमन यांनी घाई न करता काढलं आहे, कित्येक पानं नुसत्या नजरा आणि गप्प बसणं. 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली, निकचं काम किट कॉनर या पोराने केलं. मग चाहते त्याच्या मागे लागले: तू खरा कोण आहेस? सांगत नाहीस म्हणजे आमच्या भावनांचा धंदा करतोस. शेवटी ऑक्टोबरच्या अखेरीस, अठराव्या वर्षी, त्याने आपण बायसेक्शुअल असल्याचं जाहीर केलं आणि आपल्याला हे सांगायला भाग पाडलं गेलं, मालिकेचा मुद्दाच यांना कळलेला नाही, असंही सुनावलं. पात्राला उमगायला लागतील तेवढे महिने देणारे वाचक जिवंत पोराला एक वर्ष द्यायला तयार नव्हते.

निकवर, यामातोवर हवं तेवढं भांडा. पात्रांच्या जोड्या जुळवून ‘शिप’ करा, मूळ कथेत नसलेलं आपलं ‘हेडकॅनन’ रचा, लेखकाला न सुचलेली लग्नं लावा. कागदावरच्या माणसाला त्याने इजा होत नाही. पण गुणासारख्या खऱ्याखुऱ्या गड्यांना आणि किट कॉनरला वाचायचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही. तिथे ते सांगतील तेवढंच, आणि सांगतील तेव्हाच.

शब्दांचंही तेच. आपल्याकडे शब्द भराभर बदलत आहेत. वर्तमानपत्रं पूर्वी चारचौघांत उच्चारू नयेत असे शब्द छापायची, मग ‘तृतीयपंथी’ आलं, 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ‘ट्रान्सजेंडर’ रुळलं, चळवळीतली माणसं ‘पारलिंगी’ म्हणतात. नवीन पोरांना या याद्या पाठ असतात आणि आजोबांचा शब्द चुकला की ती जेवणाच्या ताटावरून उठतात. मला याचा कंटाळा येतो. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या 2012 च्या आत्मकथनाचं नाव काय आहे? ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ यादीवाल्यांनी खोडलेला पहिला शब्द त्यांनी स्वतः मुखपृष्ठावर लावला. त्यांनी तो लावला म्हणून माझ्या तोंडी तो शोभतो असं होत नाही. कोण, कोणाबद्दल, कोणत्या सुरात बोलतं आहे, हे पाहावं लागतं, आणि हे यामातोवर वाद घालणाऱ्या पोरांना खरं तर उत्तम जमतं. चौकटीत कोण बोलतंय, हे पाहिल्याशिवाय ती पुढे जात नाहीत. ताटावर बसल्यावर मात्र ही सवय कुठे जाते कोण जाणे.

आजोबांनाही सूट नाही. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे खोटं आहे. तुमच्या वेळी नाच्या होता, जोगता होता, यल्लमाच्या नावाने सोडलेला होता. तुम्ही त्यांना नावं ठेवलीत, त्यांचं नाव विचारलं नाहीत.

ते विचारायला आता लांब जायला नको. पारलिंगी कवयित्री दिशा पिंकी शेख आपल्याच नगर जिल्ह्यात, श्रीरामपुरात राहिल्या, तिथूनच त्यांनी लिहिलं. 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीने त्यांना प्रवक्तेपद दिलं तेव्हा बातम्या झाल्या. त्यांच्या ‘कुरूप’ या कवितासंग्रहाला मात्र त्यामानाने कमी वाचक भेटले. जपानमधल्या यामातोसाठी रात्र जागवणाऱ्या नगरच्या वाचकाने आपल्या जिल्ह्यातली ही कवयित्री वाचलेली नसेल, तर त्याचं चाहतेपण मला अर्धवट वाटतं. या रविवारी नवं प्रकरण यायच्या आत आपल्या वाचनालयात ‘कुरूप’ आहे का ते विचारा. नसेल तर ग्रंथपालांकडे लेखी मागणी द्या, आणि सोबत ‘वन पीस’चीही द्या.