लक्षण गेले म्हणजे आजार गेला असे नाही

मुलगा सांगतो, "अम्मी, एका डोळ्याने धुरकट दिसतंय, डोळा फिरवला की दुखतो." आपण त्याला चष्म्याच्या दुकानात नेतो. मुलगी म्हणते, पाय बधिर होतो. आपण अशक्तपणा समजतो. कुणी नजर उतरवते. काही आठवड्यांत तक्रार आपोआप जाते आणि घर निर्धास्त होते. या महिन्यात आम्हाला त्या निर्धास्तपणाबद्दलच बोलायचे आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरील आवरणावरच हल्ला करते. वायरचे प्लास्टिक निघाले की वीजपुरवठा बिघडतो, तसे नसांतले संदेश अडखळतात. बहुतेकांना हा आजार २० ते ४० वर्षे वयात होतो. पण १०० रुग्णांत साधारण ३ ते ५ जणांना १८ वर्षांच्या आतच सुरू होतो. त्यांतही किशोरवयीन जास्त, आणि वयात आल्यावर मुली अधिक.

मुलांमध्ये तो झटक्यांनी येतो. मोठ्यांपेक्षा झटके जास्त वेळा येतात, पण मुले लवकर सावरतात. इथेच आपली फसगत होते. झटका ओसरला तरी मेंदूत डाग राहू शकतात. पुढे लक्ष लागत नाही, आठवत नाही, थकवा येतो आणि मुलाला आळशी ठरवले जाते.

आपल्या चोपड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उष्णतेने किंवा तापाने एमएसची जुनी लक्षणे तात्पुरती वाढतात आणि अंग थंड झाले की उतरतात. अशा मुलांना दुपारच्या उन्हापासून जपावे. रोजाबद्दल डॉक्टरांना विचारावे. आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे.

मुलगी असली की "पुढे रिश्ता कसा होईल?" म्हणून आजार लपवला जातो. एमएस संसर्गाने पसरत नाही. लपवल्याने मात्र उपचाराची वेळ निघून जाते. आज झटके कमी करणारी औषधे आहेत, त्यांतली काही मुलांनाही देतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत एमएसचे नाव आहे. १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांसाठी काम करते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: दिसणे, चालणे, तोल किंवा बधिरपणाची तक्रार एक दिवसाहून जास्त टिकली, तर मुलाला डॉक्टरांना दाखवा. तक्रार गेली तरी तारीख, कोणता डोळा, कोणता पाय, किती दिवस, हे वहीत लिहून ठेवा. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना ती वही सोबत न्या. एमआरआय करायचा की नाही हे ठरवताना तिचा मोठा उपयोग होतो.