खासगी कराटे शिकवणी लावण्यापूर्वी

गेल्या उन्हाळ्यात एक गुरुजी दवाखान्यात आले. वय सत्तेचाळीस, हायस्कुलात शिक्षक, माझे जुने पेशंट. नेहमीप्रमाणे रक्तदाब तपासायला आले असतील म्हणून मी दंडाला पट्टा गुंडाळू लागलो, तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दाब नंतर बघा. आधी फिटनेसचे सर्टिफिकेट लिहा. कराटे पुन्हा सुरू करतोय."

बी.एड.ला पुण्यात असताना ते दोन वर्षे गोजू-र्यू शैलीचे कराटे शिकले होते. आपल्या गावात कराटेचे वर्ग आहेत, पण या शैलीचे कोणी नाही. शिवाय वर्गात सगळी शाळकरी पोरे, त्यातली निम्मी गुरुजींचीच विद्यार्थी. त्यांच्या रांगेत उभे राहायचा संकोच. शेवटी शेजारच्या तालुक्यातले एक सर आठवड्यातून दोनदा घरी येऊन शिकवायला तयार झाले. फी ठरली, गच्ची झाडून झाली, राहिले फक्त माझे सर्टिफिकेट.

दाब भरला १६४/१०२. गोळ्या दोन महिन्यांपासून बंद. "बरे वाटत होते म्हणून" हे नेहमीचेच उत्तर.

मी सर्टिफिकेट दिले नाही. गुरुजी रागावून गेले. चाळिशीनंतर एखाद्याला घाम गाळावासा वाटला तर डॉक्टरने आनंदच मानायला हवा, हे मलाही कळते. पण गोजू-र्यू म्हणजे नुसते हातपाय झाडणे नव्हे. ओकिनावा बेटावरच्या नाहा गावचे चोजुन मियागी या शैलीचे प्रवर्तक. 'गो' म्हणजे कठीण आणि 'जू' म्हणजे मऊ. तिचा पाया म्हणजे सांचिन नावाचा काता. काता म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका. सांचिनमध्ये पायाच्या अंगठ्यापासून मानेपर्यंत सगळे स्नायू आवळून, आवाज करीत श्वास सोडत, एकेक पाऊल सावकाश टाकायचे असते. शिकवणारा खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर चापट्या मारून ताण कमी-जास्त आहे का ते तपासतो.

आता यात डॉक्टरला काळजी कसली? स्नायू आवळलेले असताना नवशिक्या माणूस नकळत श्वास कोंडतो. धान्याचे पोते उचलताना आपण कोंडतो तसाच. त्या क्षणी रक्तदाब एकदम उसळतो. निरोगी माणूस ते सहज सोसतो. ज्याचा दाब बसल्या जागी १६४ आहे त्याच्या मेंदूच्या रक्तवाहिनीशी हा खेळ मी खेळू देणार नाही. श्वास चालू ठेवून केलेल्या बेताच्या स्थिर व्यायामाने काही आठवड्यांत दाब थोडा उतरतो, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे, हेही सांगायला हवे. म्हणजे व्यायाम वाईट नाही. तो कोण, कसा करून घेतो यावर सगळे आहे, आणि म्हणूनच सर कोण हा प्रश्न माझ्याही टेबलावर येतो.

माझ्या या कडकपणामागे एक जुनी चूक आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी भर ओ.पी.डी.त एकाने चार फॉर्म पुढे ठेवले. मुलांची कराटेची परीक्षा होती. स्टेथोस्कोप न लावता, मुलांची तोंडेही न पाहता मी चारही फॉर्मांवर सही ठोकली. महिनाभराने त्यांतल्या एकाला, आठवीतल्या मुलाला, पहाटे उचलून आणले. पूर्ण ताकदीने मारण्याची शैली, बंद हॉलमध्ये तीन मुलांची खास शिकवणी. अशा शैलींत तोंडावर ठोसा मारायला बंदी असते, पण डोक्यावर लाथ चालते. हे बहुतेक आईबापांना ठाऊक नसते. लाथ बसून पोरगा पडला. परीक्षा जवळ आली म्हणून त्याला उठवून पुन्हा उभे केले. रात्रभर उलट्या. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून स्कॅन केला, रक्तस्राव नव्हता. पण पुढे दीड महिना त्याला पुस्तक धरले की डोके दुखे. वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. फक्त फाइलमधला फॉर्म मला दिसेल असा उलटा होता.

तेव्हापासून सही करण्याआधी मी सरांबद्दल विचारतो. डोक्याला मार लागून चक्कर, उलटी, गोंधळ झाला तर त्या दिवशी खेळ बंद, आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू परत, हा नियम सर मानतात का? त्यांनी शेवटचे कोणाला 'आज पुरे' म्हणून बसवले? तालमीत वस्ताद कोणाची जोड कोणाशी लावायची आणि कधी 'बास' म्हणायचे यासाठीच कडेला बसलेला असतो. खासगी शिकवणीत हे पाहणारा दुसरा कोणी नसतो. सर, तुम्ही आणि फी. अशा वेळी तीन महिन्यांत बेल्टचा वायदा करणारे सर मला तरी नकोत. जपानीत पहिल्या काळ्या पट्ट्याला शोदान म्हणतात. त्याचा अर्थ सुरुवातीची पायरी असाच आहे.

विशिष्ट शैली हवी असेल तर पाटीवर विसंबू नका. पाटीवर सगळ्याच शैली असतात. सरांना विचारा, तुमचे सर कोण, किती वर्षे शिकलात, अजून त्यांच्याकडे जाता का? गोजू-र्यू असेल तर सांचिन आणि तेन्शो हे दोन्ही काता करून दाखवायला सांगा. फी देण्याआधी त्यांचा एक वर्ग कोपऱ्यात बसून पाहा. नाही म्हणणाऱ्याला आपणही नाही म्हणावे. आणि लहान मुलांची शिकवणी बंद दाराआड कधीही नको, मग सर कितीही ओळखीचे असोत.

गुरुजींनी, राग गिळून, यातले बरेच केले. घरी येणाऱ्या सरांनी सांचिन करून दाखवला तो श्वास कोंडून, चेहरा लालबुंद करून. दाबाच्या गोळ्या चालू आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, "कराटेने गोळ्या सुटतील." तिथेच बोलणे थांबले. पुढे शोधाशोध करून जिल्ह्याच्या गावी एक साठीतले सर सापडले. घरी येत नाहीत. गुरुजींनाच दर रविवारी सकाळच्या एस.टी.ने जावे लागते. पहिल्या दिवशी त्यांनी कोणत्या गोळ्या घेता ते विचारून वहीत लिहून घेतले, आणि दोन महिने नुसते चालणे, उभे राहणे नि श्वास.

परवा दाब १३४/८६ होता. मी सर्टिफिकेट लिहिले, खाली एक ओळ जादा टाकली: 'सांचिन सरांच्या समोरच, श्वास न कोंडता. चापट्या हलक्या.' गुरुजींनी ती वाचली, हसले आणि कागद घडी करून खिशात घातला. रविवारची गाडी पावणेसातची असते म्हणाले.