पडद्यावरचा पाठ कोणाचा?

मराठी साहित्य घेऊन एम.ए. करणाऱ्याने पुढे काय करायचे, या प्रश्नाला एके काळी ‘प्राध्यापकी’ हे जवळजवळ एकच उत्तर होते. नेट-सेट उत्तीर्ण होऊनही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर राबणारे पाहिले की ते उत्तर आता पुरेसे राहिलेले नाही, हे कळते. मार्च २०२० मधल्या टाळेबंदीने सगळ्याच अध्यापकांना पडद्यासमोर बसवले. पुढे वर्ग पुन्हा भरू लागले. काही जण मात्र पडद्यासमोरच राहिले. कोणी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतला मराठी साहित्य हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय शिकवतो, कोणी नेट-सेटची तयारी करून घेतो, कोणी परदेशातल्या मराठी मुलांकडून बाराखडी गिरवून घेतो. ऑनलाइन अध्यापन हा काहींच्या बाबतीत तरी जोडधंदा राहिलेला नाही. तीच त्यांची उपजीविका आहे.

या वाटेविषयी आपल्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात. पडद्यावर साहित्य शिकवताच येत नाही, हे पहिले. त्यात तथ्यापेक्षा सोवळेपणा अधिक आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, ते वर्गाच्या चार भिंतींत येऊ न शकणाऱ्यांसाठीच. ज्या तालुक्यात पदव्युत्तर मराठीचा विभागच नाही, तिथल्या विद्यार्थिनीला पडदा हा वर्गाचा पर्याय नसतो. तोच तिचा वर्ग असतो. दुसरे मत असे, की आता भविष्य याच क्षेत्रात आहे. हे भाबडेपणाचे आहे. घरून शिकवणाऱ्या शिक्षिकांच्या बळावर वाढलेली व्हाइटहॅट ज्युनियर ही कंपनी २०२० साली बायजूजने विकत घेतली आणि २०२४ साली खुद्द बायजूजच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. अशा डोलाऱ्यावर कोणी आयुष्याचा हिशेब मांडू नये.

प्रस्तुत लेखकाला मात्र या दोन्ही मतांत न येणारा एक प्रश्न अधिक मोलाचा वाटतो: पडद्यावर शिकवलेला पाठ कोणाचा?

वर्गातले व्याख्यान तास संपला की हवेत विरते. ध्वनिचित्रमुद्रित पाठ तसा विरत नाही. तो साठवला जातो, पुन्हा पुन्हा विकला जातो आणि शिक्षक संस्था सोडून गेला तरी शिकवतच राहतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याची व्याख्या आली. तीत नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांच्या पंक्तीला व्याख्यान देणारी व्यक्तीही बसवली आहे. प्राध्यापकवर्गाला ही पंगत रुचेल की नाही, सांगवत नाही. पण तिच्यात बसण्याचे लाभ आहेत. सादरकर्त्याचे हक्क ५० वर्षे टिकतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपले नाव जोडले जावे आणि आपल्या सादरीकरणाची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड होऊ नये, हेही त्याला मागता येते. मात्र त्याच कायद्यात दुसरी बाजू आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः मालक-संस्थाच ठरते. आणि चित्रीकरणाला एकदा लेखी संमती दिली की, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, त्या चित्रफितीच्या वापराला हरकत घेणे अवघड होते. म्हणजे सारे येऊन थांबते ते करारापाशी. ओळी-ओळींमधले अर्थ शोधण्याचे शिक्षण घेतलेला आपला पदवीधर ही एकच संहिता न वाचता तिच्यावर सही करतो!

हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. कीर्तनकार तेच आख्यान वर्षानुवर्षे लावतो, परंतु समोरची मंडळी पाहून ते दर वेळी नव्याने उभे करतो. साहित्याचा शिक्षक याच जातीचा. मर्ढेकरांची कविता पंचविसाव्या वर्षी शिकवणारा आणि चाळिसाव्या वर्षी शिकवणारा यांचे वाचन एकच राहिले, तर मधल्या पंधरा वर्षांत त्याने काही वाचले-जगले नाही, असेच म्हणावे लागेल. मुद्रित पाठात मात्र तो पंचविशीतच गोठतो. स्वतः केव्हाच सोडून दिलेला अन्वयार्थ त्याच्याच आवाजात नव्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत राहतो, आणि पाठ त्याचा नसेल तर तो मागे घेण्याचा अधिकारही त्याला उरत नाही. ज्ञानव्यवहाराच्या दृष्टीने हे नुकसान मानधनाच्या नुकसानीहून मोठे आहे.

म्हणून या वाटेने जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी जरूर जावे, पण तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात: पाठावर आपले नाव, ठरावीक मुदतीनंतर तो सुधारण्याचा किंवा मागे घेण्याचा हक्क, आणि पुनर्विक्रीत वाटा. नवख्या शिक्षकाला हे एकट्याने मागणे कठीण जाईल. कोणतीही संस्था ‘घ्यायचे तर घ्या’ असे म्हणू शकते. त्यामुळे ही मागणी प्राध्यापक संघटनांनी उचलून धरली पाहिजे आणि विद्यापीठीय मराठी विभागांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमात करारवाचनासाठी निदान दोन-चार तासिका राखून ठेवल्या पाहिजेत. संहितेचे सूक्ष्म वाचन आपण शिकवतोच. त्यात ही एक संहिता वाढवायला कोणाची हरकत नसावी.