अँपेगच्या दोन पिढ्या

अमेरिकेच्या अँपेग कंपनीने १९६० मध्ये बेस गिटारसाठी बी-१५ अँप्लिफायर काढला. ताकद साधारण २५ वॅट, १५ इंची एकच स्पीकर. वाजवून झालं की वरचा भाग उलटा करून पेटीत बसवायचा. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या बेसवादक जेम्स जेमरसनचा हा आवडता अँप. मग रॉक मैदानांत गेला आणि १९६९ मध्ये आला एसव्हीटी: ३०० वॅट, १४ व्हॉल्व्ह, कॅबिनेटमध्ये आठ स्पीकर. सुरुवातीच्या ६१४६ व्हॉल्व्हची जागा पुढे दणकट ६५५० ने घेतली. एसव्हीटीचा आवाज छातीवर आदळतो, ते सुख वेगळंच. पण बोट तारेवरून सुटतानाची नजाकत ऐकायची, तर मी बी-१५ च निवडेन. छोट्या खोलीत मोठा अँप दबकतच वाजवावा लागतो. त्याचे व्हॉल्व्ह तापून गाऊच लागत नाहीत.