शिक्षण शिवारात, नेमणूक कचेरीत

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा शेतीचे ज्ञान बांधापर्यंत नेण्यासाठी ग्रामसेवक नेमले गेले. कालांतराने ग्रामसेवक ग्रामपंचायतीच्या दप्तरात गुंतला. कृषि विभागाच्या गावपातळीवरील सहायकाचीही आज तीच गत होत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या हंगामात आमच्या एका सहायकास गुलाबी बोंडअळीच्या पाहणीचे शिक्षण कपाशीच्या शेतातच मिळाले. प्रशिक्षकाने व्याख्यान दिले नाही. २० हिरवी बोंडे तोडावयास लावून ती त्याच्याच हातून चिरविली. दोन बोंडे किडलेली निघाली, म्हणजे नुकसान १० टक्क्यांवर गेले व फवारणीची वेळ आली, हे त्यास पुन्हा सांगावे लागले नाही. सभागृहातील पंख्याखाली एवढे लक्षात राहत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

परंतु बोंडे भरण्याच्या ऐन पंधरवड्यात त्यालाच अनुदानाच्या याद्या जुळविण्यास मी कचेरीत बसविले. संगणकावर त्याचा हात चांगला चालतो, एवढाच त्याचा गुन्हा! त्या दिवसांत एका शेतकरी बंधूने बोंडे न तपासता दोनदा फवारणी केली. अळी बोंडात शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पैसा गेला, बोंडेही गेली. यात दोष सहायकाचा नव्हे, माझा होय.

म्हणून पात्या लागल्यापासून बोंडे फुटेपर्यंत अशा सहायकास आठवड्यातून चार दिवस कचेरीत बोलावू नये. याद्या मागे पडतील, तर पडोत. ग्रामस्थांनीही तो येताच अनुदानाची चौकशी न करता त्यास प्रथम कपाशीत न्यावे.